डा चा डी

पेशव्यांच्या घरात ‘ध’चा ‘मा’ झाला त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली, तरी शाळेतलं पोर अजून ती गोष्ट सांगतं. आरमोरीच्या संघप्रिया सहारे बाईंनी ‘डा’चा ‘डी’ केला त्याला जेमतेम आठ महिने झाले होते, आणि ते जगात फक्त बाईंनाच ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होऊन चारच दिवस झाले होते. त्या चार दिवसांत बाईंच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

जिल्ह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाई लाकडी बाकावर बसल्या होत्या. जानेवारीचं कोवळं ऊन पायांवर येत होतं, पण अंगातली थंडी काही जात नव्हती. पर्समधलं समन्स चारदा उघडून वाचून झालं होतं. सरकार विरुद्ध रोशन दोनाडकर. खुनाचा खटला. साक्षीदार क्रमांक अकरा म्हणजे बाई, आणि त्या सरकारच्या बाजूने होत्या.

प्रकरण असं होतं. मागच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या ऐन हंगामात, कुरखेड्याकडच्या सावरटोला या वस्तीची फडी जळाली. फडी म्हणजे टोल्यातल्या बायाबापड्यांनी जंगलातून तोडून आणलेलं पान पुडे बांधून वाळत घालतात ती मोकळी जागा. आठ दिवसांचं वाळलेलं पान ते, पहाटे पेटलं आणि घटकाभरात त्याची राख झाली. फडीचा चौकीदार झिंगू हलामी त्यात भाजला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. आगीच्या चार दिवस आधी रोशनचं फडीवर पान मोजून घेणाऱ्या मुनशीशी कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण त्याच्या आईने आणलेले पुडे मुनशीने ‘पान खराब’ म्हणत फेकून दिले होते. आता एवढ्यावर कोणी कोणाला खुनी ठरवत नाही. पण आगीनंतर पाच दिवसांनी रोशनचं एक गाणं पोराटोरांच्या मोबाइलवर फिरायला लागलं आणि पोलिसांना आयतंच घबाड सापडलं.

रोशन रॅप करायचा. एरवी तो आरमोरीच्या एका दुकानात मोबाइल दुरुस्त करत बसे, पण रविवारी बाजाराच्या रिकाम्या ओट्यावर इकडची-तिकडची पोरं जमत, मध्ये स्पीकर ठेवत आणि एकमेकांच्या अंगावर गाणी फेकत. टोप्या उलट्या, बोटं वाकडी, आणि भाषा मात्र अस्सल झाडीपट्टीची. त्यातलं हे गाणं वडशाच्या अश्विन नावाच्या पोराला उद्देशून होतं, असं रोशन पहिल्या दिवसापासून सांगत होता. ऐकतो कोण!

तपास करणारे फौजदार साताऱ्याकडचे. त्यांना ते गाणं म्हणजे निम्मं तेलुगू. ते मे संपता संपता बाईंच्या घरी आले, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, तुमचाच विद्यार्थी आहे म्हणे. हे एवढं शुद्ध मराठीत उतरवून द्या. कोर्टाला कळलं पाहिजे.”

शुद्ध मराठी म्हटलं की बाईंचा ऊर भरून येई. त्याला कारण होतं. बी.एड.ला पुण्यात गेल्या तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात त्या “मले वाटते” म्हणाल्या होत्या आणि सगळा वर्ग खो-खो हसला होता. वर्षभर वसतिगृहातल्या मुलींनी त्यांना ‘मलेबाई’ म्हणून हाक मारली. त्या परत आल्या त्या जीभ घासूनपुसून. बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मले’ निघालं नाही, आणि वर्गात ज्याच्या तोंडून निघालं त्याला त्यांनी ‘मला’ दहा वेळा लिहायला लावलं. मारत नसत, पण त्यांचा लाल पेन गावातल्या कुठल्याही छडीपेक्षा जास्त पोरांना आठवत असे.

तर त्या लाल पेनाच्या बाईंनी चहा निवेपर्यंत गाणं दोनदा ऐकलं. रोशन म्हणत होता:

आलो मी टोल्यावरून, धरलो माईक हाती,
तुह्या फडाले आग लावलो, उरली नुसती माती.
लपून काऊन बसला गड्या, आता निंग बाहीर,
राखेवर उभा रायलो, मीच इथला शाहीर.

‘फडाले’ ऐकून बाई अडखळल्या होत्या. फौजदार म्हणाले, “फडी जळालीये ना मॅडम, फडीबद्दलच बोलतोय तो.” बाईंना पटलं. पोरगं ठेक्याच्या नादात चुकलं असणार. दहावीपर्यंत त्याच्या निबंधातले काना-मात्रे कधी जागेवर नव्हते. बाईंनी लिहिलं, ‘तुझ्या फडीला मी आग लावली, केवळ माती उरली.’ खाली सही केली. सहीखाली एम.ए., बी.एड. लिहिलं. फौजदारांनी कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला, जसं काही सोनंच मिळालं होतं.

समन्स आलं तेव्हा बाईंनी ठरवलं, साक्षीत चूक नको, पुन्हा एकदा ऐकून ठेवावं. चार दिवसांपूर्वी कानात इअरफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून त्यांनी ते ऐकलं. फडाले. गाण्यात त्याच चार ओळी तीन वेळा येतात आणि तिन्ही वेळा ‘फडाले’. स्वच्छ, ठणठणीत ‘डा’. आणि मग बाईंच्या डोक्यात उजेड पडला. ही पोरं ओट्यावर जमतात त्याला ती काय म्हणतात? फड. आज्यांच्या काळी खडी गंमतीचा फड बसायचा, दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना सवाल टाकायचे, तोच फड. समोरच्याच्या फडाला आग लावली म्हणजे त्याची मैफल पार उधळून लावली. फडीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पोरगं बरोबर होतं आणि बाईंनी ते दुरुस्त केलं होतं.

“मॅडम, आलात होय!” फौजदार समोर येऊन उभे राहिले. “काही टेन्शन घेऊ नका. सरकारी वकील कागद दाखवतील. सही तुमचीच का, हो म्हणायचं. मजकूर बरोबर का, हो म्हणायचं. पाच मिनिटांत मोकळ्या.”

“आणि नाही म्हटलं तर?” बाईंनी विचारलं.

फौजदार हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. “मॅडम, तुमच्या सहीचा कागद आहे. तो खोटा निघाला तर खोटा कागद केला कोणी, हे विचारतील. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत ना तुमच्या?”

ते गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी विचारलं नव्हतं तेव्हा एम.ए., बी.एड. लिहायची हौस कोणाला होती?

तेवढ्यात तुरुंगाची गाडी आली. दोन शिपायांच्या मधून रोशन चालत आला. बावीस वर्षांचं पोर, पण गाल बसले होते, आणि कोणे एके काळी रंगवलेल्या केसांची टोकं तेवढी पिवळी उरली होती. बाईंना पाहून तो थांबला आणि वर्गात थांबायचा तसाच सरळ उभा राहिला.

“नमस्ते बाई.”

बाईंना वाटलं होतं, हा शिव्या देईल, निदान तोंड तरी फिरवेल. त्यांनी हळूच विचारलं, “रोशन, खरं सांग. त्या दिवशी तू काय गायलास? फड की फडी?”

“मले आता आठोत नाई बाई.” तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. “मी तं फडच बोललो होतो, असं वाटते. मोबाइल तं त्यायनं जप्त केला, आयकाले भेटला नाई. मंग सायबानं तुमचा कागद वाचून दाखोला, मले पुसलं, हे बरोबर हाये का. मी म्हनलो, बाईनं लिवलं म्हंजे बरोबरच असंन. मीच चुकलो असंन. माह्यं शुद्धलेखन पयलेपासूनच कच्चं ना.”

“तू कोर्टात हो म्हणालास?”

“हो म्हनलो.”

शिपायाने त्याला पुढे ढकललं. स्वतःच्या तोंडून काय निघालं यापेक्षा बाईंच्या लाल पेनावर त्या पोराचा जास्त विश्वास होता, आणि तो विश्वास बाईंनीच पाच वर्षं खपून त्याच्यात घातला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पेन्शनचा विचार तिथल्या तिथे संपला असं नाही. तो होताच. पण त्याच्याहून जड काहीतरी आता उरावर बसलं होतं.

पुकारा झाला.

कोर्टाची खोली लहान होती. वर न्यायाधीश, नाशिककडचे, चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांच्यापुढे संगणकावर बोटं ठेवून स्टेनो. एका बाजूला सरकारी वकील, पिकल्या मिशांचे. दुसऱ्या बाजूला रोशनची वकील नंदिनी, तिशीची, सरकारने गरिबांसाठी दिलेली. पहिला वकील तारखांना येईना म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती आली होती, तोवर रोशनचं ‘हो’ होऊन बसलं होतं. मागच्या बाकावर झिंगूची बायको शकुबाई एकटी बसली होती. तिची साक्ष मागच्या तारखेला झाली होती, तरी ती प्रत्येक तारखेला सावरटोल्याहून येत असे. ती बाईंकडे टक लावून पाहत होती. बाईंनी नजर काढून घेतली.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी कागद पुढे केला. “ही सही तुमची?”

“हो.”

“मजकूर तुमच्या हातचा?”

“हो.”

“आणि तो बरोबर आहे?”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. त्यांचंच वळणदार अक्षर. एकही खाडाखोड नाही.

“नाही,” बाई म्हणाल्या. “बरोबर नाही. ‘फडीला’ चुकीचं आहे. तो ‘फडाले’ म्हणालाय.”

स्टेनोची बोटं थांबली. फौजदार दारापाशी उभे होते, ते दोन पावलं आत आले. सरकारी वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि न्यायाधीशांना म्हणाले, “साहेब, साक्षीदार फितूर झालीये. मला उलटतपासणीची परवानगी असावी.”

परवानगी मिळाली. मग त्यांचा आवाज बदलला.

“बाई, तुम्ही एम.ए. ना? मराठीच्याच?”

“हो.”

“चार ओळींचं गाणं. ते नीट ऐकू यायला तुम्हाला आठ महिने लागले?”

“ऐकू तेव्हाही आलं होतं. मी ते दुरुस्त केलं.”

“दुरुस्त केलं म्हणजे?”

“मला वाटलं, पोरगं चुकलं. पोरं चुकली की मी दुरुस्त करते. बत्तीस वर्षं तेच करतेय.”

कोणीतरी फिसकन हसलं. बाईंचे कान तापले. पुण्यातला तो वर्ग त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. शेंडी तुटो की पारंबी तुटो.

“आज आरोपीशी व्हरांड्यात बोललात? त्याने गयावया केली, तुम्हाला दया आली. असंच ना?”

“बोलले. त्याने काही मागितलं नाही. तो म्हणाला, बाईनं लिवलं म्हंजे बरोबरच असंन.”

न्यायाधीशांनी वर पाहिलं. त्यांनी रोशनकडे पाहिलं, मग फाइलमध्ये त्याचं ते ‘हो’ जिथं नोंदलं होतं ते पान उलटून पाहिलं. “रेकॉर्डिंग लावा,” ते म्हणाले.

लॅपटॉपवर गाणं लागलं. त्या खोलीत, काळ्या कोटांच्या आणि पिवळ्या फायलींच्या मधोमध ढोलाचा ठेका सुरू झाला. शिपाई गोंधळून सावधान उभा राहिला. रोशन मान खाली घालून ऐकत होता. आठ महिन्यांनी तो स्वतःचा आवाज ऐकत होता. दुसऱ्या ओळीला त्याने झटकन मान वर केली.

“मला नीटसं कळलं नाही,” न्यायाधीश मोकळेपणाने म्हणाले. “बाई, त्याने जे म्हटलंय ते जसंच्या तसं हळूहळू सांगा. नोंदवून घ्यायचंय.”

बाईंनी घसा खाकरला. पहिली ओळ म्हणताना जीभ आखडली. पण ‘तुह्या’ ओठांवर आलं आणि त्यामागून सगळं धडाधड आलं, लहानपणी नदीत उडी मारल्यावर पाणी नाकातोंडात जावं तसं. फडाले. लावलो. काऊन. निंग. रायलो. शेवटच्या ओळीला त्यांचा हातही नकळत हलला. रोशन आ वासून पाहत होता.

न्यायाधीशांनी स्टेनोला सांगायला सुरुवात केली. “साक्षीदार सांगते की, आरोपीच्या गाण्यात ‘तुझ्या फडाला आग लावली’ असे शब्द…”

“साहेब, ‘लावली’ नाही,” बाई मध्येच म्हणाल्या. “‘लावलो’.”

“तेच ना ते?”

“तेच नाही. आमच्याकडे ‘मी भाकर खाल्ली’ म्हणत नाहीत, ‘मी भाकर खाल्लो’ म्हणतात. कोणी केलं ते क्रियापदातच असतं. ‘लावली’ म्हटलं की कोणी लावली ते कळत नाही. ‘लावलो’ म्हणजे मी लावलो.”

सरकारी वकिलांनी ही संधी सोडली नाही. “घ्या साहेब! साक्षीदार स्वतःच सांगतेय. आरोपी म्हणतो, आग मी लावली. मी!”

नंदिनीने डोळे मिटून घेतले. आपण खरं सांगायला आलो आणि पोराला आणखी खोलात ढकललं, असं बाईंना वाटलं. पण आता अर्धवट खरं सांगून चालणार नव्हतं.

“हो, मीच लावलो म्हणतो,” त्या म्हणाल्या, “पण फडाला. फड म्हणजे गाण्याचा फड. हा गातो तोही फडच. समोरच्या गाणाऱ्याला म्हणतोय तो, तुझा फड मी जाळला, आता इथला शाहीर मी. ज्याने फडी जाळली असती तो शाहीर कशाला झाला असता, साहेब?”

न्यायाधीशांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. नंदिनीने डोळे उघडले.

सरकारी वकील चिडले होते. “ठीक आहे. गाणं घटकाभर बाजूला ठेवू. मरणाऱ्याचे शब्द तर गाणं नाहीत ना?” त्यांनी दुसरा कागद उचलला. “मयत झिंगू हलामी याने मरण्यापूर्वी बायकोला सांगितलं, ‘बिडी टाकली.’ बायकोने हवालदाराला सांगितलं, मागच्या तारखेला या कोर्टात कबूलही केलं. वाळलेल्या पानावर पेटती बिडी टाकली. कोणी टाकली? ज्याचं भांडण होतं त्याने.”

“टाकली नाई जी.”

आवाज मागून आला होता. शकुबाई उभी राहिली होती. एवढ्या महिन्यांत त्या खोलीत ती आपणहून पहिल्यांदा बोलत होती.

“बाई, खाली बसा,” शिपाई म्हणाला.

“बसू नका,” न्यायाधीश म्हणाले. “पुढे या. काय म्हणालात?”

शकुबाई पदर सावरत पुढे आली. ती न्यायाधीशांकडे पाहत नव्हती, बाईंकडे पाहत होती. “तो ‘टाकली’ नाई बोलला. ‘टाकलो’ बोलला. या बाईनं आता सांगतलं ना, लावली अन् लावलो? तसं. ‘शकू, बिडी टाकलो,’ असं बोलला तो. मंग बोललाच नाई.”

सरकारी वकील हातातल्या कागदाकडे पाहत राहिले.

“मग मागच्या तारखेला ‘टाकली’ला हो का म्हणालात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“वकील सायबानं कागद वाचला अन् म्हनले, हे खरं ना? बिडीचंच होतं, मी हो म्हनली. हवालदाराले मी तं तसंच सांगून रायली होती, टाकलो, टाकलो. त्यायनं लिवलं टाकली. मी म्हनली, शिकलेला मानूस हाये, त्याले माह्याहून जास्त समजत असंन. आजारात माह्यावालाच चुकीचा बोलला असंन.”

न्यायाधीश साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे वळले. “बाई, तुम्ही अजून शपथेवर आहात. याने फरक काय पडतो ते सांगा.”

फरक बाईंना केव्हाच कळला होता, आणि तो कळल्यापासून त्यांनी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता. एक शब्द उच्चारला की रोशन सुटणार होता. पण त्याच शब्दाने झिंगू हलामीच्या माथ्यावर अख्ख्या टोल्याच्या पानाची राख पडणार होती. उद्यापासून सावरटोल्यात शकुबाई ही जळून मेलेल्या चौकीदाराची बायको राहणार नव्हती. ज्याच्या बिडीने सगळ्यांचा हंगाम खाल्ला त्याची बायको होणार होती. आणि हे शकुबाईला कळलं होतं की नाही? न कळता तिच्या तोंडचा शब्द उचलायचा आणि तिच्याच माणसावर टाकायचा, हे बाईंच्याने होईना. त्यांनी एकदा एका पोराच्या बाबतीत तेच केलं होतं.

“शकुबाई,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांना शब्द निवडावे लागले नाहीत, “मी हे सांगतली तं झिंगूभाऊवर येईन. समजून रायलं ना तुमाले?”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं.

शकुबाईने मान हलवली. तिचे डोळे कोरडे होते. “मले आठ महिन्यांपासून समजून रायलं बाई. पन कागद दुसरंच बोले, तं मी म्हनो, कागदच खरा असंन. माह्या मानसावर नाई आलं, असं म्हनून बरंबी वाटे.” तिने पहिल्यांदाच रोशनकडे पाहिलं. “या पोराची माय मले बाजारात दिसते. ती मले पाहून रस्ता सोडते. मलेच सोडाले पायजे होता.”

“सांगा बाई,” न्यायाधीश हलकेच म्हणाले.

“‘टाकलो’ म्हणजे मी टाकलो,” बाईंनी सांगितलं. “दुसऱ्या कोणाबद्दल बोलायचं असतं तर ते ‘टाकला’ म्हणाले असते. झिंगूभाऊ स्वतःबद्दल बोलत होते. बिडी त्यांच्याच हातून पडली.”

रोशनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दारातले फौजदार केव्हा बाहेर गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नंदिनी काहीतरी अर्ज देण्यासाठी उठली होती, पण शकुबाई अजून उभी होती, म्हणून तीही तशीच उभी राहिली.

“झोप लागली असंन जी त्याले,” शकुबाई न्यायाधीशांना म्हणाली. “दिवसभर उन्हात पान पलटोत होता. जानून नाई टाकला तो. हेबी लिवा.”

“लिहू,” न्यायाधीश म्हणाले. त्यांनी स्टेनोकडे पाहिलं, सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. “बाई, हे तुम्हीच सांगा. यांच्या शब्दांत. अक्षर न अक्षर.”

बाई स्टेनोकडे वळल्या. बत्तीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी शुद्धलेखन घातलं होतं, त्याच स्वच्छ, संथ आवाजात त्या सांगू लागल्या. शकू, स्वल्पविराम, बिडी. मग ‘टा’ सांगितला, ‘क’ सांगितला, आणि ‘लो’ म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं.